अकराव्या सेकंदाचा खोकला

भाषणाला टाळ्या कमी पडल्या की आमच्या वृत्तवाहिनीवर त्या मी घालतो. पंधरा वर्षं तीच एक फाइल. टाळ्या ऐकल्या की लोकही टाळ्या वाजवतात, असं साहेब म्हणतात. आपण हुकमाचे ताबेदार.

सोमवारी त्या टाळ्यांत, बरोबर अकराव्या सेकंदाला, कुणीतरी खोकलं. कोरडं, दोनदा. पंधरा वर्षांत हा खोकला कधीच नव्हता. मी तो कापून टाकला. मंगळवारी तो जागच्या जागी हजर.

"माझ्या फाइलला कुणी हात लावला?"

"तुमच्याशिवाय कोण लावतंय?" शेजारच्या टेबलावरची संकलक हसली. "कान तपासून घ्या, दादा."

मला तिचाच संशय आला. मी फाइलला पासवर्ड घातला. बुधवारीही खोकला होताच.

आज मला सुट्टी. दुपारी घरी टीव्हीवर भाषण चालू होतं. ज्या नेत्याचं नाव काढलं तरी वडिलांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, त्याच्यासाठी ते टाळ्या वाजवत होते.

"अण्णा, तुम्ही?"

"सगळे वाजवतायत ना," पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले.

पुढच्या टाळ्या सुरू होताच मी मनात मोजू लागलो. अकराला अण्णा खोकले. कोरडं, दोनदा. त्याच क्षणी स्वयंपाकघरात बायको खोकली, आणि भिंतीपलीकडे शेजारी.

भाषण पुढे सरकलं. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. टीव्ही बंद करायला मी रिमोट उचलायला गेलो, पण माझे हात रिकामे नव्हते. ते एकमेकांवर आपटत होते.

घसा खवखवायला लागला.

नऊ. दहा.