राखून ठेवलेली जागा

वादळाला महिना झाला तरी गळती थांबेना, म्हणून शेवंताबाईंनी छपराच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. छप्पर जिवंत जातीचं. घरच्यांचं बोलणं ऐकायचं, आणि भोक पडलं की जखमेसारखं आपोआप भरून यायचं.

डॉक्टरीणबाई यंत्र लावून सगळं तपासून खाली आल्या.

“काकू, छप्पर ठणठणीत आहे. फक्त तळहाताएवढी जागा त्यानं मुद्दाम सोडलीय. वादळात तिथं कुणी हात दाबून बसलं होतं का?”

“हे बसले होते. वादळ सरेपर्यंत. उतरले ते ताप घेऊनच.”

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. “उतरताना ते छपराला ‘येतो हं’ म्हणाले, यंत्रात उमटलंय. आपली बोलायची रीत त्या बापड्याला काय ठाऊक! त्यांच्या हातासाठी जागा राखून बसलंय. आता ते येणार नाहीत, एवढं घरच्या माणसानं सांगितलं की तासाभरात भरून येईल.”

शेवंताबाई शिडी चढल्या. ओल्या छपरावर हात ठेवून त्यांनी तोंड उघडलं. मग काही न बोलताच त्या उतरल्या आणि गळतीखाली पातेलं सरकवलं.

“गळू दे,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात नेलं तेव्हा मलाही तेच म्हणून गेलेत.”