मंदाबाईंच्या पदराची गाठ

"उद्या श्वास घ्यायचं बी कागदावर लिखशी तू!" मंदाबाई सुनेवर करवादल्या. सारिकानं ऐकून घेतलं, 'पुरणपोळीचं खापर घासणे' याच्यापुढे बरोबरची खूण केली आणि पेन पुन्हा कानावर खोचलं.

हेच वागणं मंदाबाईंच्या डोक्यात जायचं. फ्रिजच्या दारावर चुंबकानं अडकवलेला कागद आणि त्यावर दिवसाची कामं, एकाखाली एक. जळगावची शिकलेली पोर एरंडोलजवळच्या या गावात सून म्हणून आली, ती बुद्धी कागदात बांधूनच आली होती.

मंदाबाई स्वतः दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. पण घर, शेत, दोन पोरांची लग्नं, सगळं त्यांनी पदराच्या गाठीवर निभावलं होतं. काही ध्यानात ठेवायचं असलं की पदराच्या टोकाला गाठ. काम झालं की गाठ सोडायची. "पेन हरवतं, कागद भिजतो," त्या गल्लीत सांगायच्या, "पदर कुठी जातो का?"

पदर कुठे गेला नव्हता. गाठही जागेवर होती. ती कशाची, तेवढंच आठवत नव्हतं.

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आणि गाठ साधीसुधी नव्हती, करकचून मारलेली होती. म्हणजे काम मोठंच होतं. सणाच्या तोंडावर मोठं काम राहिलं, तर वर्षभर गल्लीनं दात काढले असते, आणि गल्लीच्या आधी त्या फ्रिजनं. गाठ मारताना आपण सुनेला काहीतरी झणझणीत बोललो होतो, एवढं मंदाबाईंना आठवत होतं. पण ती खूण उपयोगाची नव्हती. तसं तर त्या रोजच बोलत.

सुनेला विचारायचं? त्यापेक्षा जीभ कापलेली बरी. त्यांनी वळसे घ्यायला सुरुवात केली.

"पितरांची घागर आणली का वं?"

"आणली, आई. ओट्यावर ठेवलीय."

म्हणजे गाठ घागरीची नव्हती. आंबे पेंढ्यात पिकत होते. झोक्याचा दोर लिंबाला बांधून झाला होता. मंदाबाई गोठ्यात गेल्या, गाठ म्हशीपुढे धरली. म्हशीनं ती चघळायला तोंडात घेतली. "बठ्ठी या घरची सारखीच," असं म्हणत त्या ओला पदर पिळत परत आल्या. म्हशीवरचा राग लेकावर निघाला.

"आणि हा योगराज कुठी उलथला? सणाच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन गायब! त्याले नई का काही काम दिलं तू?"

"दिलंय ना," सारिका डाळ निवडत म्हणाली.

"कागदावर तर नाव नई त्याचं."

"नाही," सारिका म्हणाली आणि डाळीतला खडा बाजूला टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. त्यावर दिपमालाचा फोटो उमटला. मंदाबाईंची लेक, पिंपळनेरला दिलेली. फोटो दिसला आणि गाठ कशाची ते त्यांना एकदम आठवलं.

मुऱ्हाळी!

आखाजीला लेक आपल्या पायानं माहेरी येत नसते. भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला आला, तरच ती मान वर करून सासरचा उंबरा ओलांडते. परवा सारिका पेन उघडून विचारायला आली होती, "आई, ताईंना आणायचं लिहून ठेवू?" तेव्हा मंदाबाई कडाडल्या होत्या, "माझी पोर काय किराणा शे, कागदावर चढवायला? माले ध्यानात शे!" आणि तिथल्या तिथे गाठ मारली होती. करकचून.

आता दिपमाला पिशवी भरून ओट्यावर बसली असेल. शेजारच्या सुना एकेक करून माहेरी निघाल्या असतील. विहीणबाई गोड आवाजात विचारत असतील, "काय गं, विसरले वाटतं तुले?" फोन वाजतच राहिला. मंदाबाईंनी जन्मात पहिल्यांदा घाबरत घाबरत "हॅलो" म्हटलं.

"आई, भाऊ आला ना गं!" पलीकडे दिपमाला नुसती खिदळत होती. "आख्ख्या गल्लीत पयला मुऱ्हाळी आपला! सासूबाईंनी जेवाले बसाडेल शे त्याले. भाऊ म्हणे, आईनं अंधारातच पिटाळलं."

"मग!" मंदाबाईंचा आवाज एका दमात जागेवर आला. "गाठच मारेल व्हती मी!"

फोन ठेवून त्या वळल्या. सारिका मान खाली घालून डाळ निवडत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"तू धाडलं त्याले?"

"हो."

"कागदावर तर नव्हतं."

"तुम्ही लिहू कुठं दिलं, आई?" सारिकानं ओढणीचं टोक पुढे केलं. त्याला गाठ होती. "मग केलं तुमच्यासारखं. विसरेन म्हणून परवापासून ओढणीसुद्धा बदलली नाही."

मंदाबाईंनी ती गाठ बोटांत धरली, उलटसुलट करून पाहिली आणि नाक मुरडलं. "सैल शे."

मग आपल्या पदराची गाठ त्या दातांनी सोडू लागल्या. ती सुटायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात त्यांचं काय ते ठरलं. पदर झटकून त्या सुनेजवळ गेल्या, तिच्या कानावरचं पेन काढलं आणि तिच्याच हातात दिलं.

"हे पाह्य सारिका, गाठ मारणं तुनं काम नई. गाठ मीच मारसू. ती कशाची शे, तेवढं तू लिखी ठेव."