कमी खाणारी भाषा

कारखान्यातली पाळी संपवून परत आलेल्या डब्याची बॅटरी सकाळइतकीच भरलेली होती.

"बिघडला का?" वाल्मिकने विचारलं.

"नाही ना. तेच तर कळत नाहीये," गायत्री म्हणाली.

नवागामच्या त्यांच्या खोलीत, बाळाच्या झोपेतून चोरलेल्या वेळात तिने हा डबा तयार केला होता. तो नवऱ्याच्या, वाल्मिकच्या, यंत्रमागावर लावायचा. माग हलत असेल तोवर डबा जागा राहून तुटलेले धागे टिपायचा. माग थांबला की झोपायचा. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीची अट एकच होती: बॅटरी पाळीभर टिकली पाहिजे. टिकली तर घरबसल्या नोकरी. नाहीतर बाळाला सोडून रोज सचिन गाठायचं.

आधी तिने डब्याचा प्रोग्राम पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहिला. लिहायला सोपा, पण जेवणाच्या सुट्टीआधीच बॅटरी संपायची. मग सगळा सी भाषेत नव्याने लिहून काढला.

"म्हंजे एक भाषा खादाड शे अन् दुसरी उपाशी?" सासू इंदुबाई हसल्या. "वाल्मिकले बी दुसरीच शिकाड, भाकरी तरी वाचतीन!"

सी काटकसरी, हे गायत्रीला ठाऊक होतं. पण घासही न खाता राबणारी? तिने ओळ न् ओळ पुन्हा तपासली. चूक सापडेना.

कंपनीतल्या छाया मॅडमही फोनवर चक्रावल्या. "उद्या जुना आणि नवा, दोन्ही डबे एकाच मागावर लाव. फरक दिसला की तुझं काम झालं समज."

"दोन-दोन कशाला?" वाल्मिक कुरकुरला. पण घेऊन गेला.

संध्याकाळी आल्या आल्या त्याने बाळाला उचललं. मागांच्या खडखडाटात राहून घरातही ओरडूनच बोलणारा माणूस, आताशा हळू बोलायचा. बाळासाठीच, असं वाटून गायत्रीचा ऊर भरून यायचा.

"दोन्ही लावले होते ना?"

"एकाच मागावर."

"माग नीट चालला?"

"दिवसभर. पाणी प्यायला सवड नव्हती. आता मिळेल ना गं तुला ती नोकरी?"

त्याच्या आवाजात एवढी काकुळत का, तिला उमजेना. तिने नवा डबा तपासला. भरलेला. मग खादाड पायथॉनचा जुना डबा हातात घेतला.

त्यातलीही वीज कणभर खर्च झाली नव्हती. दोन्ही डबे दिवसभर झोपूनच होते.