घळीतल्या दोन वाटा

“हिला पाहिलंय का?” मोबाइलवरचा फोटो त्याने काकूंच्या नाकासमोर धरला.

काकूंनी हात पुसले, चष्मा शोधला, फोटो सावकाश पाहिला. “नाही बुवा. दिवसभर सायकलवाले येतात नि जातात. सगळ्यांची तोंडं कुठे लक्षात ठेवू?”

माणूस धिप्पाड होता. भुवईवर जुना व्रण. सायकल त्याने भिंतीला टेकवली नव्हती, आपटली होती.

“नीट बघा. एकटीच असेल.”

“तुम्ही कोण तिचे?”

“घरचा माणूस आहे. तुम्हाला काय करायचंय?” तो खेकसला आणि चाकात हवा भरायला बाहेर गेला.

काकूंचं हॉटेल घळीच्या अगदी तोंडाशी होतं. दरड कोसळल्यापासून पुढे गाड्यांना बंदी होती, सायकली तेवढ्या सोडत. दारापासून दोन रस्ते फुटत. एक नदीच्या काठाकाठाने, सरळसोट, धरणापर्यंत जाणारा. दुसरा गर्द झाडीतून वळणं घेत वर चढणारा, भल्याभल्यांना खाली उतरून सायकल ढकलायला लावणारा. त्या चढाच्या माथ्यावर काकूंची धाकटी बहीण राहायची. फोटोतली मुलगी गेला महिनाभर तिच्याकडेच होती.

आली तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती आणि मनगटाला पट्टी. “नवरा शोधत येईल,” एवढंच म्हणाली होती. “सायकलवरच येईल. कितीही लांब असलं तरी त्याला जड नाही.” काकूंनी जास्त खोदून विचारलं नव्हतं. तिला न्हाऊ-खाऊ घालून दुसऱ्या दिवशी वर पोचवलं होतं.

आता तो आला होता. काकूंनी किटली ठेवून दार अर्धवट लोटून घेतलं.

“काही अडचण आहे का?”

मागच्या दारातून मास्तर आत आले होते. खरं नाव काकूंनी वहीत उतरवून घेतलं होतं, पण बोलणं इतकं हळू आणि नेटकं की पहिल्याच दिवशी काकूंनी त्यांना मास्तर करून टाकलं. परवापासून मागच्या खोलीत मुक्काम होता. सकाळी एक रस्ता, दुपारी दुसरा, संध्याकाळी अंगणात बसून साखळी पुसायची. चहा पिऊन झाला की कप स्वतः विसळून ठेवणारं गिऱ्हाईक काकूंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

“तो बाहेरचा एका मुलीच्या मागावर आहे,” काकू कुजबुजल्या.

मास्तरांनी दाराच्या फटीतून एकदा पाहिलं आणि लगेच बाजूला झाले. “असल्या माणसाला नाही म्हणून भागत नाही. तो इथेच ठाण मांडून बसेल. त्यापेक्षा काहीतरी सांगा आणि वाटेला लावा.”

“काय सांगू?”

“कुठल्या रस्त्याला जाऊ नये त्याने?”

“वरच्या.”

“मग खाली दिसली म्हणून सांगा. धरणाकडे.”

काकूंना खोटं बोलायची सवय नव्हती, पण त्या दिवशी जमलं. बाहेर जाऊन त्या म्हणाल्या, “अहो, आत्ता आठवलं. अशीच एक बाई सकाळी धरणाच्या रस्त्याने गेली. लाल सायकल होती बघा.”

“मग मघाशी दातखीळ बसली होती का?” असं म्हणत त्याने टांग मारली आणि नदीच्या रस्त्याला लागला. काकू तो दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग आत येऊन धपकन खुर्चीत बसल्या.

“छान केलंत,” मास्तर म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

काकूंनी बहिणीच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. बहीण नेमकी आज बाजाराला गेलेली. पोरगी मागे बागेत असणार.

“धरणावर कुणी दिसलं नाही की तो उलटा येईल,” काकू म्हणाल्या. “तिला सांगायला हवं. एकटी आहे हो ती.”

“मी सांगतो ना,” मास्तर म्हणाले. “तसाही वरच निघालोय. घर कुठलं?”

“माथ्यावरचं शेवटचं. हिरवं फाटक. काकूंनी पाठवलंय म्हणा, नाहीतर ती दार उघडायची नाही.”

“काकूंनी पाठवलंय,” मास्तरांनी घोकल्यासारखं म्हटलं. हेल्मेटचा पट्टा लावला आणि हलका गिअर टाकून चढाला लागले. दम राखून, एका लयीत. काकूंना वाटलं, जगात अशीही माणसं असतात म्हणून चाललंय.

दुपारची गर्दी ओसरल्यावर त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी तिने उचलला.

“पोरी, घाबरू नकोस. तुझा नवरा येऊन गेला. पण मी त्याला धरणाकडे पिटाळलंय.”

ती कशीबशी म्हणाली, “कसा होता दिसायला?”

“कसा म्हणजे? हा एवढा आडदांड. भुवईवर व्रण. बोलतो कसला, अंगावर धावून येतो.”

आणि ती चक्क हसली. महिन्याभरात काकूंनी तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

“अहो काकू, तो माझा दादा! मीच फोन केला होता, मला न्यायला ये म्हणून. तुम्हाला सांगायचंच राहिलं. उद्या बोलावलं होतं, घराचा पत्ता सांगायच्या आतच फोन तुटला, पण त्याला कुठला धीर! नवरा असा नाही हो माझा. त्याचा चढलेला आवाज तर शेजाऱ्यांनीसुद्धा कधी ऐकला नाही.”

काकूंची नजर मास्तरांनी विसळून ठेवलेल्या कपावर गेली.

“थांबा हं,” ती अजून हसतच होती. “बाहेरून कुणीतरी म्हणतंय, काकूंनी पाठवलंय. दादाला सापडलं वाटतं घर. दार उघडून येते.”