छोटं कार्ड

"रेकॉर्डिंग कशात ठेवू, मामा? मोठी हार्डडिस्क लावू की हे छोटं कार्ड?" कॅमेरा बसवणाऱ्यानं विचारलं. "कुणी हाललं की तेवढंच रेकॉर्ड होतंय. कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसतंय."

"छोटंच टाक," शरणप्पा म्हणाले. "दोन म्हातारी माणसं आम्ही. अहमदपुरात आमच्याकडं येतंय कोण? दोन महिने भरत न्हाई ते."

त्यांची बायको गंगम्मा रोज सकाळी अंगणात सडा टाकायची आणि कॅमेऱ्याकडं मान वर करून विचारायची, "रवी, च्या पिलास का रे?" पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा रविकिरण मोबाईलवर ते बघून हसायचा आणि कामाला लागायचा. त्यातलं एकही त्यानं सेव्ह केलं नाही.

श्रावणात गंगम्मा अचानक गेली. पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. उदगीर, देगलूरपासूनचे पाहुणे, अख्खी गल्ली, सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी येतच होतं.

सगळे गेल्यावर रविकिरणनं आईचा आवाज ऐकायला मोबाईल उघडला.



सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग ती गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं निघालं: भेटायला आलेल्या माणसांनी भरलेलं अंगण.