छातीवरचा हात

जुन्या वस्तूंच्या दुकानातून बाबांनी तो ब्राँझचा पुतळा आणून बैठकीतल्या कपाटावर ठेवला, तेव्हा त्याचा उजवा हात छातीवर होता. फ्रेंच राज्यक्रांतीतला कोणी पुढारी. सभेत नुसता हात वर करून माणसं गिलोटीनखाली धाडण्यात वाकबगार, असं दुकानदारानं कौतुकानं सांगितलं होतं.

महिन्याभरात तो हात खांद्यापर्यंत आला.

"ब्राँझ आहे ते, बाबा," सून म्हणाली. "सकाळची गोळी घेतलीत का?"

हात कानाशी पोचला, तेव्हा बाबांनी मुलाला ओढत आणून दाखवला. मुलानं पुतळ्याकडे बघितलंच नाही. तो बाबांकडे बघत राहिला आणि रविवारी त्यानं बहीण-मेव्हण्याला बोलावून घेतलं. घर लोकशाहीवादी होतं.

"बाबांना वृद्धाश्रमात ठेवावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

मुलाचा आणि सुनेचा हात वर गेला. लेक-जावई हाताची घडी घालून बसले. बाबांनी तोंड उघडलं.

"तुमचं मत नाही धरायचं, बाबा. विषयच तुमचा आहे."

दोन विरुद्ध दोन. बाबांचा जीव भांड्यात पडला.

लेक मात्र त्यांच्या डोक्यावरून मागच्या कपाटाकडे बघत होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तीन झाले."

मुलानं वर बघितलं, न दचकता मान डोलावली आणि बाबांची बॅग भरायला तो आत गेला.