बांधाला दोरी

"शेतात कशाला लागतंय गणित, गुरुजी?" बिरूने वर्गात विचारलं आणि मुकुंद गुरुजी इरेलाच पेटले. सातवीचा अख्खा वर्ग त्यांनी चिखलीच्या शिवारात आणून उभा केला, तोही बिरूच्याच शेतावर. त्याचा बाप सयाजी आणि चुलता कोंडीराम यांची वाटणी गावात नावाजलेली. मधे एक बांध, दोन्हीकडे निम्मं-निम्मं. क्षेत्रफळ शिकवायला याहून सोपं काय हवं? बांधाला उगाच दोरी लावू नये, हे गावातलं म्हातारंकोतारं जाणतं. तळेगावहून येणाऱ्या गुरुजींना कोण सांगणार!

त्यांनी कोंडीरामच्या वाट्याच्या रुंदीएवढी दोरी कापली. मग वर्गातल्याच कोंडीरामच्या पोरीला, सरूला एक टोक देऊन मधल्या बांधावर उभं केलं. दुसरं टोक घेऊन बिरू आपल्या शेतातून पलीकडच्या हद्दीकडे धावला आणि अलीकडेच अडला.

"गुरुजी, दोरी पुरंना!"

"मग कुणाचं शेत मोठं?" गुरुजी खुशीत ओरडले.

"बिरूचं!" वर्ग एका सुरात गरजला.

खुरपत बसलेला कोंडीराम उठून उभा राहिला. "दादा, म्हंजी बांध सरकलाय व्हय?"

"मी बांध कोरला म्हणतोस?" सयाजी कुदळ घेऊनच आला. "पोरांनी दोरी सैल धरली असंल. बिऱ्या, ताण!"

"ताण," कोंडीरामही म्हणाला. "आज हून जाऊ दे काय ते." खुरपं त्याच्या हातातच होतं.

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. आपण हे काय करून बसलो! सगळ्यांचे डोळे बिरूच्या हातांवर. तो रडकुंडीला येऊन दोरी ओढत होता आणि दोरी काही वाढत नव्हती.

मग ती सरकली. बिरू एकेक पाऊल मागे गेला आणि टोक हद्दीच्या दगडाला टेकलं.

"पुरली!" तो बापाकडे बघून ओरडला. "पुरली, आण्णा!"

सयाजीने कुदळ खाली टाकली. कोंडीरामने दगडाला टेकलेलं टोक बघितलं आणि तो पुन्हा खुरपायला बसला.

गुरुजींनी वळून पाहिलं. गणितात कायम पहिली येणारी सरू हातातल्या टोकासकट बांध सोडून चांगली चुलत्याच्या, सयाजीच्या शेतात आत आली होती. गुरुजींची नजर पडताच ती हळूच मागे सरकली आणि बांधावर चढली.

"बरोबर आलं ना, गुरुजी?" तिने विचारलं.